घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय

आमच्या ऑफिसात दर अप्रेझलनंतर आठवडाभर एक साथ येते. कुणीतरी कॉफी मशीनपाशी उभं राहून म्हणतं, "बास झालं यार. सगळं सोडायचं आणि कोकणात जाऊन मस्त होमस्टे काढायचा." बाकीचे माना डोलावतात. मग समुद्र खोलीतून दिसायला हवा की नुसता ऐकू आला तरी चालेल, झोपाळा अंगणात की ओटीवर, कुत्रा पाळायचा की मांजर, यावर पाऊण तास जातो. एकाने तर होमस्टेचं नाव ठरवून डोमेनसुद्धा घेऊन ठेवलंय. जमीन नाही, डोमेन आहे. (जमिनीचं मी त्याला एकदा सांगून पाहिलं. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, आणि आमच्याकडच्या कितीतरी वाड्या सामाईक. आमच्याच सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. त्यातली तीन माणसं हयात नाहीत आणि दोन एकमेकांशी बोलत नाहीत. तो म्हणाला, "मग लीजवर घेऊ.")

मी या गप्पांमध्ये गप्प असते. दापोली तालुक्यात समुद्राच्या कडेला असलेल्या एका गावात माझ्या काकाचा होमस्टे आहे, आणि हे ऑफिसात कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "अगं मग डिस्काउंट दे ना!" गावाचं नाव मी इथेही सांगणार नाही. लेख आवडला म्हणून चार लोक जातील आणि नाही आवडला म्हणून चाळीस लोक एक स्टार देऊन येतील, असा हा काळ आहे.

काकाचा होमस्टे. असंच म्हणायची पद्धत आहे. मला भांडायचंय ते या 'चा'शी.

रस्त्याच्या कडेला आमची पत्र्याची पाटी आहे: 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याच्या कुठल्याही गावात शिरा, ही पाटी दिसेल. रंग वेगळे, खालचे मोबाइल नंबर वेगळे, मजकूर थोड्याफार फरकाने हाच. तुम्हीही अशा पाटीखालून आत गेला असाल, पाटावर बसून जेवला असाल आणि "एकदम घरच्यासारखं" असं कुठेतरी लिहिलंही असेल. त्यात खोटं काही नाही. पण ते घरच्यासारखं कसं होतं, हे मी मागच्या मे महिन्यात चार दिवस गावाला जाऊन नुसतं बघत बसले. बसले म्हणजे बसायचं ठरवलं होतं. पहिल्याच सकाळी कांदे माझ्याकडे आले.

शनिवार होता. चार खोल्या, अकरा माणसं. काकू पाचच्या आधी उठली, कारण सहानंतर कधीही लाइट जाऊ शकतात आणि अकरा माणसांच्या आंघोळीसाठी विहिरीवरून टाकी भरून घ्यायची तर पंप आधी चालायला हवा. पंप काका लावतो. काकू तोवर नारळ फोडून खोवायला बसते. मग चहा. चहा हा एक शब्द आहे, पण तो साखरेचा, बिनसाखरेचा, बिनदुधाचा आणि "आलं टाकू नका हं, मला ॲसिडिटी होते" असा चार पातेल्यांचा प्रकार आहे. साडेसातला डॉल्फिन बघायला निघालेल्यांची न्याहारी, साडेआठला म्हाताऱ्या जोडप्याची, आणि रात्री एक वाजता पोचलेल्या पुण्याच्या चौघांची सव्वादहाला.

न्याहारीला घावणे. घावण हा पदार्थ बॅच प्रोसेसिंगवाला नाही. बिडाच्या तव्यावर एका वेळी एक होतो, आणि करून रचून ठेवले तर एकमेकांना चिकटतात, वातड होतात. म्हणजे पहिला पाहुणा साडेसातला आणि शेवटचा सव्वादहाला आला, तर मधले पावणेतीन तास काकू तव्यापासून हलू शकत नाही. पॅरलल करायचं तर दुसरा तवा लागेल आणि दुसरी काकू लागेल.

नऊच्या सुमाराला म्हाताऱ्या जोडप्यातल्या आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "दुपारी मोदक मिळतील का हो? फार नकोत. वीस-पंचवीस." काकू हो म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "पिठी आहे गो, नारळ आहे, मग नाही कसं म्हणायचं?" उकड गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की पारीला चिरा जातात. म्हणून पाण्याचा हात लावत, हाताला सोसेल त्याच्या थोडं पलीकडे गरम असताना ती मळायची. पंचवीस मोदकांच्या कळ्या काढायला तिला जो वेळ लागला त्यात माझा एक मोदक झाला आणि तो वाफेत फुटला.

मधल्या वेळात दोन खोल्या रिकाम्या झाल्या आणि दोनच्या चेकइनवाले बाराला आले. "आम्ही फक्त बॅगा ठेवतो." बॅगा ठेवणं म्हणजे बाथरूम वापरणं, बाथरूम वापरणं म्हणजे टॉवेल, आणि टॉवेल आले की वाळू आली. वाळू हा आमच्याकडचा कायमचा पाहुणा आहे. गाद्यांवर, मोरीच्या जाळीत, फ्रिजच्या रबरात, सगळीकडे. चादरी झटकायच्या, धुवायच्या, वाळत घालायच्या, खाऱ्या हवेत त्या पूर्ण वाळत नाहीत म्हणून इस्त्री फिरवून ओल काढायची. एक ते तीन जेवणं. काकू जेवली साडेतीनला, मागच्या पडवीत. अर्धा तास आडवी झाली, त्यात तीन फोन. एकाला रस्ता विचारायचा होता, एकाला एसी आहे का, एकाला "लास्ट रेट". चारला चहा, साडेपाचला भजी, साडेआठपासून अकरापर्यंत जेवणं. सव्वाअकराला ओटा पुसून झाल्यावर तिने उद्याच्या आंबोळ्यांचं पीठ हलवून बघितलं आणि म्हणाली, "आज त्या मानाने शांत होतं."

चार दिवसांत मी तिचे कामाचे तास मोजले. साठ. आठवड्याचे केले तर शंभराच्या वर जातात. २०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला सत्तर तास कामाबद्दल बोलले तेव्हा आमच्या फ्लोअरवर किती संताप झाला होता, आठवतंय. मीम्स, पोस्ट्स, "आम्ही गुलाम आहोत का?" संताप रास्तच होता, मीही त्यात होते. मग आम्ही सगळे लाँग वीकेंडला कोकणात गेलो आणि तिथे शंभर तासवालीला म्हणालो, "काकू, अजून एक गरम घावण मिळेल?"

काका काही करत नाही असं मला म्हणायचं नाही. वाडीचं शिंपण, बाजार, पंप, बिघडलेले नळ, रात्री किनाऱ्यावरून झिंगून येणाऱ्या पोरांसाठी फाटकाशी जागत बसणं, हे सगळं त्याच्याकडे. आणि गप्पा. रिव्ह्यूंमध्ये काका फार गाजलेला आहे. "मालक अतिशय बोलके", "काकांकडून कोकणाचा इतिहास ऐकायला मिळाला." काकूबद्दल लिहितात ते असं: "जेवण अप्रतिम." वाक्यात कर्ताच नाही. जणू ते जेवण पातेल्यात आपोआप उगवलं.

गंमत अशी की पाहुण्यांना खरं ओळखते ती काकूच. तिचा चपलांचा एक सिद्धांत आहे. पायरीशी चपला सरळ काढून ठेवणारे न्याहारीला वेळेवर येतात. उलटसुलट टाकणारे रात्री उशिरा गरम पाणी मागतात. बूट खोलीत नेणारे बाथरूममध्ये पाल आहे म्हणून हाक मारतात. मी चार दिवस हे पडताळून पाहिलं, एकदाच चुकलं. आमच्या टीमने गेल्या वर्षी ग्राहकांचं वर्तन ओळखायला जे मॉडेल केलं त्यापेक्षा हा निकाल चांगला आहे. आणखी एक तिचं निरीक्षण: जी बाई निघताना स्वयंपाकघरात येऊन "येते हं" म्हणते, तिच्या स्वतःच्या घरी पाहुण्यांची ये-जा असते. पुरुष बहुतेक अंगणातूनच गाडीत बसतात.

आता माझा हात यात किती बुडालेला आहे ते सांगते. होमस्टेचं ऑनलाइन खातं मी चालवते. ज्या साइटवर आम्ही आहोत तिथला मजकूर मी लिहिला, 'ऑथेंटिक घरगुती अनुभव' हे शब्द माझे. फोटो मी काढले. काकूचा एकही नाही, घावणांचे सात. मीटिंग चालू असताना एका खिडकीत पाहुण्यांना "नक्की, अर्ली चेकइनची व्यवस्था करू" असं मी टाइप करते, आणि ती व्यवस्था करणारी मी नसते. त्याच्याही आधी, लहानपणापासून दर मे महिन्यात आम्ही पुण्याचे सहाजण जाऊन एक खोली अडवायचो आणि दहा वाजता उठून घावण मागायचो. आम्ही तर घरचेच. आमच्यासाठी दरही नव्हता.

जमाखर्चाचं स्प्रेडशीटही माझंच. गावाहून परत आल्यावर ते उघडलं. गॅस, दूध, रवा, लाइट, साइटचं कमिशन, सगळ्याला आकडा. नारळाच्या रकान्यात शून्य, कारण घरचे. काकूचा रकानाच नव्हता, कारण तीही घरची. नारळाची निदान तिथे ओळ होती. त्यातला नारळ दापोलीच्या बाजारात नेऊन ठेवला तर लगेच त्याचा भाव होतो.

म्हणून मी एक रकाना वाढवला. आमच्याकडे वरकामाला खालच्या वाडीतून एक ताई येतात, आठ ते एक, चारशे रुपये. तासाला ऐंशी. घरातला सगळ्यात कमी दर हा आहे. काकूच्या पंधरा तासांना तोच लावला, तिच्या हाताची चव, मोदकाच्या कळ्या, अकरा माणसांची पथ्यं लक्षात ठेवणारं डोकं हे सगळं फुकट धरून. दिवसाचे बाराशे झाले. मग पावसाळ्याच्या तोंडावरचा एक मंगळवार घेतला, जेव्हा एकच खोली भरलेली होती. तेव्हा तास कमी, पण पंप, तवा, चादरी, फोन आणि फाटक तेच. खोलीचे अठराशे, न्याहारीसकट. त्यातून कमिशन, गॅस, दूध, धुणं, ताईंचे चारशे वजा केले, आणि काकूचा नवा रकाना टाकला. उत्तर उणे आलं. मी सूत्र दोनदा तपासलं. इतकी वर्षं आम्ही ज्याला नफा म्हणत होतो तो काकूचा न दिलेला पगार होता.

आमच्याच रस्त्यावर एका हॉटेलात तशीच खोली साडेतीन-चार हजारांना आहे. तिथे स्वयंपाकी, खोल्या झाडणारी, काउंटरवर बसणारा आणि रात्रीचा वॉचमन अशी चार पगारी माणसं आहेत. आमच्याकडे या चारातली साडेतीन कामं दोन माणसं करतात, त्यातली अडीच एकटी काकू. तुमची खोली स्वस्त पडते ती या फरकाने. 'परवडणारं कोकण' म्हणून तुम्ही जी रील टाकता, तिला अनुदान एका बाईच्या गुडघ्यांमधून मिळतं. आणि वर "लास्ट रेट काय?"

'घरगुती' या शब्दाचं काम इथे सुरू होतं. हॉटेलात घावण गार आलं तर तुम्ही वेटरला बोलावता, आणि त्याची ड्युटी किती वाजता संपते हे तुम्हाला साधारण ठाऊक असतं. घराला ड्युटी नसते. घरात रात्री साडेअकराला गरम पाणी मागता येतं, घरात उशिरा उठता येतं, घरात "दोन मोदक एक्स्ट्रा द्या हो" म्हणता येतं आणि त्या दोनाचे पैसे लावले तर "अरे, यांचं जरा कमर्शियल झालंय" असं म्हणता येतं. पैसे देताना घर आणि सेवा घेताना हॉटेल, अशी ही सोय. ती सोय खरंच उत्तम आहे, पाटी खोटं बोलत नाही.

सरकारी कागदही या घरावरच उभे आहेत. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या न्याहारी-निवास योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या, बारा खाटा आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. किनारपट्टी नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांना राहत्या घरात होमस्टे चालवायची मुभा आहे, घराचं जोतं आणि दर्शनी भाग न बदलता. हेतू चांगलाच आहे, नाहीतर किनाऱ्यावर एव्हाना काँक्रीट उभं राहिलं असतं. पण नीट वाचा: कुटुंबाने तिथे राहणं हीच अट. म्हणजे काकू ही परवान्याची अट आहे. खाटा मोजल्या आहेत, खोल्या मोजल्या आहेत, अट मात्र किती तास काम करते ते कुठे मोजलेलं मला दिसलं नाही.

"मग करतात कशाला? कुणी जबरदस्ती केलीये?" हा प्रश्न मला एका मित्राने विचारला, तोच डोमेनवाला. प्रश्न रास्त आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. तोवर आमच्याकडे दोनच खोल्या होत्या, त्याही जोडधंदा म्हणून. घर चालायचं ते सुपारीवर. त्या एका दिवसात वाडी आडवी झाली. मी पुण्यात होते, लॉकडाऊनमध्ये, पहिल्या नोकरीत. आठवडाभर फोन लागला नाही. लागला तेव्हा काका जे म्हणाला ते एवढंच, "आता घरातून समुद्र दिसतो." पूर्वी पोफळींमधून दिसत नसे. पोफळ लावली की सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात, तोवर खायचं काय? मग कर्ज काढून दोन खोल्या वाढवल्या. रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आडव्या झालेल्या वाड्यांमागे आज जे होमस्टे दिसतात, त्यातले किती हौसेचे आणि किती या हिशेबाचे, हे विचारून बघा. आणि हो, त्या 'सी व्ह्यू'चे फोटो मीच टाकलेत.

तरी काकू बिचारी नाही. तसं लिहिलं तर ती मला घरात घेणार नाही. तिला माणसं आवडतात. मूल नसलेल्या त्या घरात चाळीस वर्षांनी पोरंबाळं धावतात याचं तिला अप्रूप आहे. पाहुण्यांसोबत आलेल्या एका तमिळ आजींकडून ती इडियप्पम शिकली आणि तिला त्या साच्यावरून आपल्या शेवयांची आठवण झाली. हे सगळं खरं आहे, आणि याच खऱ्याच्या आधाराने तिला पैसे द्यायचे टाळले जातात. आवडतं ना तिला! मलाही कोडिंग आवडतं. म्हणून एक तारखेला पगार झाला नाही तर मी एचआरला फोन करत नाही का?

ताईंबद्दल थोडं. 'घरगुती'मध्ये त्या नाहीतच. फोटोत नाहीत, रिव्ह्यूत नाहीत, "घरच्यांसारखी माणसं"मध्ये नाहीत, कारण त्या मागच्या दाराने येतात. किनाऱ्यालगत घर आणि वाडी कुणाची, आणि त्या घरात चादरी धुवायला कुठल्या वाडीतून बाई येते, हे कोकणात कुणाला नकाशा काढून सांगावं लागत नाही. ताईंना रोख मिळते, काकूला मान मिळतो. दोघींना दोन्ही का मिळू नये, हे मी काकूला विचारलं तेव्हा तिने विषय बदलला. हा भाग माझ्याकडून अजून सुटलेला नाही. ताईंचे चारशेचे साडेपाचशे झाले, एवढंच.

आता रिव्ह्यू. दिवाळीनंतर एकाने लिहिलं: "लोकेशन छान. घावणे थंड होते." तीन स्टार. त्यांच्या बुकिंगची वेळ माझ्याकडे आहे, ते न्याहारीला पावणेअकराला उठले होते. मी ऑफिसमधून सवयीने उत्तर टाकलं: "आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." रात्री काकूला सांगितलं तर तिने विचारलं, "पाचात तीन म्हणजे साठ टक्के ना? फर्स्ट क्लास झाला की!" मला तिला समजवावं लागलं की इथे साठ टक्के म्हणजे नापास, साडेचारच्या खाली गेलो की आपण यादीत पार खाली जातो आणि कुणाला दिसत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. "म्हणजे पेपर त्यांनी काढायचा, तपासायचाही त्यांनी, आणि क्षमस्व आपण म्हणायचं." मी असल्या सिस्टिम बनवण्याचाच पगार घेते. रेटिंगच्या बटणाला कधी काय रंग द्यायचा यावर मी दोन-दोन तासांच्या मीटिंग केल्या आहेत. बटण दाबल्यावर दुसऱ्या टोकाला कोण असतं, हा विषय एकाही मीटिंगच्या अजेंड्यावर नव्हता.

आणि मग ३१ डिसेंबर. त्या आठवड्यात तिच्या बहिणीच्या मुलीचं सांगलीला लग्न होतं. चारही खोल्या महिनाभर आधीच भरलेल्या, मीच भरल्या होत्या, म्हणून काका एकटा सकाळी गेला आणि अक्षता टाकून परत आला. १ जानेवारीला दुपारी माझ्या फोनवर नोटिफिकेशन: पाच स्टार, "स्वर्गीय चव!!", सोबत फोटो. केळीच्या पानावर पाच मोदक, वर तुपाची धार. फोटो खरंच सुंदर होता, मी तो लिस्टिंगवर वापरायचा म्हणून मोठा करून बघितला. तूप वाढणारा हात कोपऱ्यात आला होता. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरं बँडेज.

फोन केला. मोदकपात्राचं झाकण काढताना वाफ आली होती, तीन दिवसांपूर्वी. "डॉक्टरकडे जाऊन आले गो. एवढं काही नाही." तीन दिवस ती त्या हाताने उकड मळत होती, आणि मला ते एका रिव्ह्यूतून कळलं. पाहुण्याने हात पाहिला नव्हता असं मी म्हणणार नाही. तो फ्रेममध्ये आहे. त्याला तो दिसला नाही, एवढंच. मलाही आधी तूपच दिसलं.

त्या संध्याकाळी मी काकाशी भांडले. मुद्दे साधे होते. दर वाढवायचा. न्याहारीची वेळ ठरवायची. मोदकांची ऑर्डर आदल्या दिवशी. आठवड्यातून एक दिवस बंद. आणि साइटचे पैसे ज्या खात्यात येतात ते खातं, शिवाय ओटीवर चिकटवलेला क्यूआर कोड, दोन्ही काकूच्या नावाचं करायचं. पहिल्या चारांवर काका कुरकुरला, पाचव्यावर भडकला. "पैसा घरातच राहतो ना? माझ्या खात्यात काय आणि तिच्या खात्यात काय!" मी म्हटलं, "काही फरक नसेल तर तिच्या खात्यात ठेवू." पलीकडे बराच वेळ फक्त समुद्राचा आवाज. मग फोन काकूने घेतला आणि मलाच ओरडली, "उगाच त्याला वाईट वाटेल असं कशाला बोलतेस?" काका तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. बाबांनी फोन करून सांगितलं की तू गावच्या भानगडीत पडू नकोस. बाबांचं नाव सातबाऱ्यावर आहे. काकूचं नाही.

तुम्हाला कोकणात होमस्टे काढायचाच असेल तर काढा, माझं काही म्हणणं नाही. फक्त तुमच्या त्या स्वप्नात पहाटे पाचला नारळ कोण खोवतंय ते आधी बघून घ्या. झोपाळ्यावर तुम्ही बसला आहात, हे कळलं. बायको? आई? की गावातलीच एखादी, जिला तुम्ही "आमच्या कुटुंबातलीच" म्हणणार आहात? उत्तर "मी स्वतः" असं असेल तर एकदा मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे या. फुकट राहा. कांदे तुमच्याकडे येतील.

आणि नुसते पाहुणे म्हणून जाणार असाल तर साडेनऊच्या आत न्याहारीला या, मोदक आदल्या दिवशी सांगा, दर विचारलात तर त्यावर घासाघीस करू नका. क्यूआर कोड समोर आला की पैसे कुणाच्या नावावर जातायत ते एकदा वाचा. तिथे तुम्हाला जिने वाढलं तिचं नाव नसेल, तर कमीत कमी रिव्ह्यूतल्या वाक्यात कर्ता घाला.

आमच्याकडे खोली आता चोवीसशे आहे. सोमवारी बंद. खातं फेब्रुवारीत बदललं. पहिल्या पैशांचा मेसेज आला त्या रात्री काकूचा फोन: "अगो, हे खरंच माझे का? आणि मग गॅसचे यातून मीच द्यायचे?" यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. पहिल्या सोमवारी ती पाचलाच उठली आणि चादरी धुवायला काढल्या, असं ताईंकडून कळलं. दुसऱ्या सोमवारी एसटीने सांगलीला गेली, भाचीकडे, दोन दिवस राहून आली. बुकिंग कमी झालीत. किती, ते या मेमध्ये कळेल.

काकाने मधल्या काळात पाटी पुन्हा रंगवून घेतली. मी त्याला नवा मजकूर पाठवला होता, वेळा आणि दरासकट. रंगाऱ्याने म्हणे जुन्याच अक्षरांवरून ब्रश फिरवला. 'घरगुती' आता लांबूनही वाचता येतं.